जुना लॅपटॉप घ्यायचाय : मोठा की लहान?

अक्षरछंद

वापरलेला लॅपटॉप घ्यायला निघालेली माणसं मला हमखास विचारतात, "साडेबारा इंची घेऊ की साडेपंधरा इंची?" ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. फिरती असेल तर लहान, घरी बसून काम असेल तर मोठा. नव्या यंत्रांपुरतं ते बरोबर आहे. सात-आठ किंवा त्याहून जास्त वर्षं वापरून झालेल्या यंत्रांच्या बाबतीत मात्र ते फसवं आहे आणि लोक त्यावर विसंबून पैसे घालतात, म्हणून हा धागा काढतोय.

त्या काळातलं लहान यंत्र हलकं असेलच असं नाही आणि मोठ्या यंत्राचा पडदा चांगला असेलच असंही नाही. लेनोवोचं थिंकपॅड एक्स२२० घ्या. २०११ चं, साडेबारा इंची. आत ३५ वॉटचा प्रोसेसर, म्हणजे चौदा इंची टी४२० मध्ये असायचा त्याच जातीचा. नऊ सेलची बॅटरी लावली की ती मागून बाहेर डोकावते आणि वजन दीड किलोच्या पुढे जातं. त्यात चार्जर धरा. आता त्याच सुमाराचा साडेपंधरा इंची घरगुती लॅपटॉप बघा. पडदा ऐसपैस, पण त्यावर ठिपके (पिक्सेल) १३६६ × ७६८. एक्स२२० वरही तेवढेच. म्हणजे मोठा पडदा घेऊन एक ओळसुद्धा जास्त दिसत नाही, आहे तीच ओळ मोठी होऊन दिसते.

देवनागरीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याला हे फार जाणवतं. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. 'मूर्तींच्या' हा शब्द ७६८ वाल्या पडद्यावर बारीक टंकात वाचून बघा. त्यातल्या 'र्तीं'वर रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार अशी तिघांची गर्दी आहे आणि त्या तिघांच्या वाट्याला मोजके ठिपके येतात. मुद्रितशोधन करणाऱ्याला अनुस्वार आहे की नाही हे डोळे बारीक करून बघावं लागतं. टंक वाढवला की अक्षर सुटं होतं, पण मग पानावर ओळी उरत नाहीत, कारण देवनागरीच्या ओळीला वरखाली जागा जास्तच लागते. वर ब्राउझरची पट्टी, खाली टास्कबार, मधे कोंबलेला मजकूर.

म्हणून मी इंच नंतर विचारतो, आधी ठिपके विचारतो. १३६६ × ७६८ साडेपंधरा इंचावर असेल तर इंचाला साधारण १०० ठिपके पडतात, साडेबारा इंचावर तेच १२५. १९२० × १०८० साडेपंधरा इंचावर असेल तर १४१, चौदावर १५७, साडेबारावर १७६. या शेवटच्या आकड्याला भुलू नका. १७६ ठिपक्यांना अक्षर रेखीव दिसतं, पण इतकं बारीक की ते १२५ किंवा १५० टक्के मोठं केल्याशिवाय गत्यंतर नसतं. १५० टक्के केलंत की जागा उरते १२८० × ७२० एवढीच. लहान यंत्रावर फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, जरूर घ्या, पण ती अक्षराच्या रेखीवपणासाठी. दोन खिडक्या शेजारी शेजारी मावतील अशी आशा धरू नका.

दुसरी गोष्ट पडद्याची जात. जुन्या लॅपटॉपांत मुख्यतः दोन जाती दिसतात, टीएन आणि कोनातूनही नीट दिसणारी आयपीएस. टीएन पडद्याला आयपीएस पडदा कधीही सरस. जुन्या टीएन पडद्याकडे थोडं वरून बघितलं की अक्षरं पांढुरकी होतात, खालून बघितलं की काळवंडतात. घरी टेबलावर आपण पडदा हवा तसा कलता करून घेतो, त्यामुळे ते खपून जातं. प्रवासात समोरच्या आसनामागच्या छोट्या फळीवर लॅपटॉप ठेवला की पडदा पूर्ण उघडत नाही, पुढचा प्रवासी मागे रेलला की आणखी मिटतो, आणि आपण वरून वाकून बघत राहतो. टीएन पडदा नेमका तिथे दगा देतो. साडेपंधरा इंची यंत्राचा पडदा उंच असल्यामुळे त्याची अडचण सगळ्यात जास्त, साडेबारा इंचीची सगळ्यात कमी. लहान यंत्राचा मला दिसलेला सर्वांत मोठा प्रवासी फायदा हाच आहे. पिशवीतल्या वजनाचा नंबर त्यानंतर.

एकच लॅपटॉप घ्यायचा आणि घरी वेगळा मॉनिटर नाही, तर चौदा इंची, आयपीएस, १९२० × १०८०. घरी मॉनिटर आणि कीबोर्ड असेल तर बिनधास्त साडेबारा इंची. साडेपंधरा इंची तेव्हाच, जेव्हा यंत्र या खोलीतून त्या खोलीत एवढंच फिरणार असेल. लहान यंत्राला घरी मोठा पडदा जोडता येतो, मोठ्या यंत्राला प्रवासात लहान करता येत नाही.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा. विशेषतः दुरुस्ती करणाऱ्यांनी.


तळटीप

वाखूसा (वाचनखूण साठवली). 'र्तीं'चं उदाहरण अगदी पटलं.


शांतिपर्व

लेख आवडला, पण साडेपंधरा इंचीला तुम्ही एका वाक्यात निकालात काढलंत हे बरोबर वाटलं नाही.

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत. इंचाला १०० ठिपके असलेला पडदा तुम्हाला ढोबळ वाटत असेल, मला तोच वाचता येतो. साडेबारा इंची पडद्यावर अक्षर मोठं केलं की ओळीत चार शब्द मावतात आणि सारखी मान डावी-उजवीकडे न्यावी लागते. टंक मोठा, ओळही पुरेशी लांब आणि दोन हातांवरून सहज वाचता येईल असा पडदा, हे तिन्ही मोठ्या यंत्रातच जमतं. प्रवासात मी लॅपटॉप उघडत नाही. मुक्कामी पोचल्यावर टेबलावर उघडतो. माझ्यासारख्यांना प्रवासातलं वापरणं आणि प्रवासाला घेऊन जाणं यांत फरक करावा लागतो.


अक्षरछंद

सर, हा फरक मी केलाच नव्हता आणि तो महत्त्वाचा आहे. गाडीत उघडायचं नसेल तर उंच पडद्याचा मुद्दा बादच होतो, उरतं फक्त वजन.

तुमच्यासाठी एक सुचवतो. साडेपंधरा इंचीच घ्या, पण १९२० × १०८० चा आयपीएस बघा आणि सगळं १५० टक्क्यांवर ठेवा. अक्षर आकाराने जवळपास १३६६ वाल्या पडद्यासारखंच राहील, पण प्रत्येक अक्षराला उभे आणि आडवे, दोन्हीकडे जवळपास दीडपट ठिपके मिळतील. शस्त्रक्रियेनंतरच्या डोळ्यांना कडा स्वच्छ असलेलं अक्षर कमी शिणवतं असं माझ्या वडिलांचं म्हणणं आहे.


पायवाट

माझं काम दुभाषाचं, महिन्यातले बरेच दिवस प्रवासात जातात. साडेबारा इंचीच्या बाजूने चार शब्द.

वजनाबद्दल सगळे किलोत बोलतात. मला फरक पडतो तो रुंदीने. एक्स२२० साधारण साडेतीस सेंटिमीटर रुंद आहे, चौदा इंची टी४८० साडेतेहेतीसच्या आसपास आणि साडेपंधरा इंची डब्ल्यू५२० सदतीसच्या पुढे. साडेतीस सेंटिमीटरचं यंत्र खांद्याच्या साध्या झोळीत कागदपत्रांबरोबर जातं. सदतीसच्या यंत्राला त्याच्यासाठीच शिवलेली पाठपिशवी लागते. आणि एकदा पाठपिशवी आली की तुम्ही ती गर्दीत पुढे घेता, खाली ठेवता, वर चढवता. दिवसभर हेच.

दुसरं म्हणजे चार्जर. डब्ल्यू५२० बरोबर १७० वॉटचा चार्जर यायचा, ती अक्षरशः वीट आहे. लॅपटॉपचं वजन विचारताना चार्जरसकट विचारा, नाहीतर हिशोब चुकतो. माझ्याकडे एक्स२७० आहे. २०१७ चं. त्याला यूएसबी-सीने चार्ज करता येतं, त्यामुळे फोन आणि लॅपटॉप दोघांना मिळून एकच चार्जर नेते. फक्त तो ४५ किंवा ६५ वॉटचा आणि २० व्होल्ट देणारा हवा. फोनबरोबर आलेला साधा चार्जर लावून "चालत नाही" म्हणणारे खूप भेटतात.

कीबोर्डबद्दल अक्षरछंद काहीच बोलले नाहीत याचं आश्चर्य वाटलं. साडेबारा इंचावर पूर्ण आकाराच्या कळा बसतात. अकरा इंचापर्यंतही बसवल्या आहेत. खरी कुचंबणा होते ती दहा इंची नेटबुकवर. उलट साडेपंधरा इंचीच्या बऱ्याच यंत्रांवर उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असतो. त्यामुळे अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात. मांडीवर घेऊन लिहायला बसा, म्हणजे कळेल. पडद्याच्या मध्यासमोर बसलात तर दोन्ही मनगटं डावीकडे वळतात, कळांच्या मध्यासमोर बसलात तर पडदा उजवीकडे पडतो. दिवसभर टंकलेखन करणाऱ्याच्या खांद्याला ते कळतं. ज्यांना हिशोबाचं काम आहे त्यांना आकड्यांचा गट हवाच, त्यांचं वेगळं. लिहिणाऱ्यांनी तो गट नसलेलंच यंत्र बघावं.


तळटीप

कीबोर्डच्या मुद्द्याला +१


खटका

जुनी यंत्रं उघडणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे मी आतून बघून लिहितो.

मोठं यंत्र दुरुस्तीला सोपं असतं असा एक समज आहे आणि तो पुष्कळसा खरा आहे. जागा असते, पंखा मोठा असतो, त्यामुळे तो हळू फिरला तरी चालतं. रॅमच्या खाचा (स्लॉट) दोन, कधी चार. टी४४०पी सारख्या यंत्रात प्रोसेसरसुद्धा खाचेतला आहे, काढून दुसरा बसवता येतो. पण मोठं म्हणजे दणकट असं समजू नका. साडेपंधरा इंची घरगुती यंत्रांत सगळ्यात आधी जातात त्या बिजागऱ्या. पडदा मोठा आणि जड, बिजागरी घट्ट, आणि तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत. माणूस रोज एका कोपऱ्याला धरून पडदा उघडतो. काही वर्षांनी ते नट प्लास्टिकसकट उपटून येतात. घेताना पडदा मधोमध धरून अगदी सावकाश उघडा आणि बिजागरीपाशी खालचं आवरण फुगतंय का, फट पडतेय का ते बघा. कट् असा आवाज आला तर ते यंत्र ठेवून द्या.

लहान यंत्रांत बिजागऱ्या सहसा टिकतात, विशेषतः कार्यालयीन वापरासाठी बनवलेल्यांत. तिथलं दुखणं वेगळं. जागा नसल्यामुळे बनवणाऱ्यांनी सगळं पक्कं करून टाकलेलं असतं. थिंकपॅडची एक्स मालिका बघा. एक्स२२० आणि एक्स२३० मध्ये रॅमच्या दोन खाचा. २०१३ च्या एक्स२४० पासून एकच. २०१८ च्या एक्स२८० मध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली, म्हणजे घेतली तेवढीच जन्मभर. त्याच साली आलेल्या टी४८० मध्ये मात्र दोन खाचा शाबूत. ब्राउझरमध्ये पाच-दहा पानं उघडी ठेवणाऱ्याला आज ८ जीबी किमान लागते. ४ जीबी डकवलेलं लहान यंत्र कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

अक्षरछंद यांनी प्रोसेसरबद्दल लिहिलंय त्यात भर घालतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून लहान यंत्रांत १५ वॉटचे, कमी वीज खाणारे 'यू' प्रोसेसर आले. यंत्रं गार झाली, बॅटरी पुरू लागली, पण गाभे (कोअर) दोनच राहिले, ते थेट सातव्या पिढीपर्यंत. आठव्या पिढीत 'यू' प्रोसेसरला चार गाभे मिळाले. लहान यंत्र आणि मोठं यंत्र यांच्यातलं ताकदीचं अंतर तिथे खऱ्या अर्थाने कमी झालं. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतचं घेत असाल आणि काम जड असेल, म्हणजे फोटो, चलचित्र संकलन वगैरे, तर चार गाभ्यांचं मोठं यंत्र घेण्यात अर्थ आहे. आठव्या पिढीपासून पुढे रोजच्या वापरासाठी आकार आवडीवर सोडा.

पडदा बदलण्याबद्दल एक. एक्स२२० आणि एक्स२३० मध्ये पडद्याची जोडणी जुन्या एलव्हीडीएस पद्धतीची आहे. त्यांना फुल एचडी पडदा बसवायचा तर वेगळा बोर्ड घालून खटाटोप करावा लागतो. एक्स२४० पासून ईडीपी ही नवी जोडणी आहे, तिथे ७६८ चा टीएन काढून १०८० चा आयपीएस बसवणं तासाभराचं काम. टी४८० सुद्धा मोठ्या संख्येने ७६८ च्या टीएन पडद्यासह विकले गेले होते. "टी४८० आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, पडदा कुठला ते विचारा.


उंबरझरा

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी एमएचा विद्यार्थी आहे. नोट्स, प्रबंध, व्हिडिओ व्याख्यानं आणि रोज बसने जाणं-येणं. मॉनिटर नाही, घेण्याची शक्यता नाही. मला अकरा इंची मॅकबुक एअर समोर आलंय, फार हलकं आहे. आणि एकाने एक्स२२० सुचवलंय, कीबोर्ड चांगला म्हणून. काय करू?


पायवाट

अकरा इंची एअर हातात घेतलं की मोह होतो हे खरं. एक किलोच्या जरासं वर. पण पडदा १३६६ × ७६८ आणि तोही टीएन. तुम्ही प्रबंध लिहिणार म्हणजे संदर्भाचं पान आणि स्वतःचं पान आळीपाळीने बघणार. त्या पडद्यावर ते दमवतं. घ्यायचंच तर तेरा इंची एअर बरं, त्यावर १४४० × ९०० मिळतात. उंचीत १३२ ठिपके जास्त, आणि लिहिणाऱ्याला उंचीच लागते.


खटका

एअरमध्ये रॅम डकवलेली आहे, ४ जीबीची यंत्रं भरपूर फिरतात, तेवढं आधी तपासा. २०१५ चं एअर अधिकृतपणे मॅकओएसच्या मॉन्टेरे या जुन्या आवृत्तीपर्यंतच जातं. आणि आधीच्या मालकाने स्वतःचं खातं काढून टाकलंय ना, हे तुमच्यासमोर यंत्र पुसून नव्याने सुरू करून बघा. थिंकपॅडच्या बाबतीत तसंच बायोसचा, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगचा, सुपरवायझर पासवर्ड. एफ१ दाबून आत शिरा. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला माहीत नसेल तर सरळ नाही म्हणा.

एक्स२२० बद्दल : कीबोर्डची ख्याती खोटी नाही. सात ओळींचा तो जुन्या घडणीचा कीबोर्ड त्या मालिकेत शेवटचाच, एक्स२३० पासून सुट्या चपट्या कळा आल्या. पण तुमची व्याख्यानं व्हिडिओवर आहेत, तिथे अडचण आहे. यूट्यूबसारख्या ठिकाणी व्हिडिओ आता बहुतेक व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी (कोडेक) दाबून येतो. दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स जुनी एच२६४ पद्धत स्वतः उलगडतं, व्हीपी९ नाही. मग ते सगळं काम प्रोसेसरवर पडतं, पंखा ओरडायला लागतो, बॅटरी झरझर उतरते. ब्राउझरला एच२६४ च मागायला लावणारं एक्स्टेंशन मिळतं, त्याने बराच फरक पडतो. पण व्हीपी९ व्यवस्थित पेलणारं ग्राफिक्स इंटेलच्या सातव्या पिढीत आलं. रोज तास-दोन तास व्याख्यानं बघणाऱ्याने सातव्या पिढीच्या मागे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.


अक्षरछंद

उंबरझरा, तुमच्यासाठी चौदा इंची. टी४८०, डेलचं लॅटिट्यूड ५४९० किंवा एचपीचं एलिटबुक ८४० जी५, यांतलं जे चांगल्या अवस्थेत आणि फुल एचडी आयपीएस पडद्याचं मिळेल ते. तिन्हींत आठव्या पिढीचे प्रोसेसर मिळतात आणि रॅमच्या दोन-दोन खाचा आहेत. वजन दीड ते दोन किलोच्या दरम्यान राहील. बसमध्ये मांडीवर उघडून लिहाल असं वाटत नाही, फार तर नोट्स वाचाल, आणि तेवढ्याला चौदा इंची पुरतं. सगळा प्रबंध मात्र याच पडद्यावर लिहायचाय. तुमच्या दिवसातले बहुतेक तास टेबलाशी जाणार, त्या तासांचा विचार आधी करा.

टी४८० घेतलंत तर आल्याबरोबर थंडरबोल्टचं, म्हणजे यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचं, फर्मवेअर अद्ययावत करा. जुन्या आवृत्तीत दोष होता, त्याने यूएसबी-सी पोर्ट निकामी होऊ शकतो. लेनोवोने दुरुस्त आवृत्ती दिलेली आहे.


पायवाट

बसचा मुद्दा मला तितका मान्य नाही. विद्यार्थी असताना माझं निम्मं वाचन बसमध्येच झालं. रोज पाठीवर दोन किलो, वर पुस्तकं, वर पाण्याची बाटली. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला ते जड वाटत नाही आणि मग मान धरते. १०८० चा आयपीएस पडदा असलेलं एक्स२७० ही तुमच्या डोळ्यांपुढे ठेवा, उंबरझरा. सातवी पिढी आहे, रॅमची खाच एक आहे पण १६ जीबीची पट्टी चालते. दोन्ही यंत्रं प्रत्यक्ष हातात घ्या, पिशवीत घालून जिना चढून बघा.


अक्षरछंद

चालेल, मी हट्ट धरत नाही. फक्त एक्स२७० ला विंडोज ११ चा प्रश्न येतो.


शांतिपर्व

तो प्रश्न जरा उलगडून सांगाल का? माझ्या सध्याच्या यंत्रावर विंडोज १० आहे.


खटका

सर, विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा सुधारणांची एक वाढीव वर्षाची योजना आहे, पण तिला वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालतं, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. म्हणजे टी४७० आणि एक्स२७० ची सातव्या पिढीची यंत्रं बाहेर, टी४८० आत. सगळ्या बाजारात आठव्या पिढीला जी मागणी आहे ती मुख्यतः यामुळे. त्याच कारणाने आधीची दणकट यंत्रं पडून आहेत.

विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची तयारी असेल तर ही भिंत उरत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २०१२-१३ च्या यंत्रावरही ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सुरळीत चालते. मराठी टंकनासाठी इन्स्क्रिप्टची मांडणी त्यात आधीपासून असते, चालू करायची एवढंच.


तळटीप

लहान यंत्रांच्या बॅटऱ्या लवकर जातात म्हणतात, खरं आहे का?


खटका

बॅटरीच्या झिजेला आकार कारणीभूत नाही. किती वेळा भरली-उतरली, किती तापली आणि किती काळ १०० टक्क्यांवर चार्जरला लावून ठेवली, यावर ते जातं. लहान यंत्राची बॅटरी मुळातच कमी क्षमतेची असते, म्हणून तेवढीच झीज तिच्यात आधी जाणवते. अकरा इंची एअरमध्ये ३८ वॉट-तासांच्या आसपास. त्यातले तीस टक्के गेले की उरतं काय?

घेताना बॅटरी अहवाल काढून घ्या. विंडोजमध्ये एक आज्ञा दिली की मिळतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भरलेली क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावात धरा. आणि टचपॅडची कळ दाबताना कडक लागत असेल किंवा खालचं आवरण टेबलावर डुगडुगत असेल तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. तसलं यंत्र अहवाल कितीही चांगला असला तरी नको.

एक्स२४० ते एक्स२७० आणि टी४४० ते टी४८० यांतल्या बहुतेक यंत्रांना आत एक आणि मागे काढता येणारी एक अशा दोन बॅटऱ्या आहेत. आतल्या बॅटरीवर यंत्र चालू ठेवून मागची बदलता येते. प्रवाशांसाठी यासारखी सोय नंतरच्या बंद डब्यासारख्या यंत्रांत राहिली नाही.


उंबरझरा

दोन्ही बघून आलो. जिनाही चढलो. टी४८० चा पडदा ७६८ चा निघाला म्हणून सोडलं. एक्स२७० फुल एचडी आयपीएस आहे, बॅटरी आतली ८१ टक्के, मागची ६४ टक्के. अक्षर १२५ टक्क्यांवर ठेवून 'र्तीं' वाचून बघितलं, अगदी स्पष्ट दिसतं. घेतोय. लिनक्स मिंट टाकेन. मागची बॅटरी नवी आणि मोठी घेईन म्हणतो. एक शेवटचं विचारायचं होतं. सुट्टीत घरी जाताना विमानाने जाणं होतं. जादा बॅटरी बरोबर नेता येते का?


पायवाट

अभिनंदन! येते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या लिथियम बॅटऱ्यांना वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या मधल्यांना विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते, त्याहून मोठ्या प्रवाशांना नेता येत नाहीत. एक्स२७० च्या मागच्या मोठ्या बॅटरीचं काही अडणार नाही. एक्स२२० ची नऊ सेलची बॅटरीसुद्धा ९४ म्हणजे मर्यादेच्या आतच होती. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. ११.१ व्होल्ट आणि ८.४ अँपिअर-तास असेल तर साधारण ९३.

सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायची, आणि तिची धातूची टोकं उघडी ठेवायची नाहीत. मी तिथे चिकटपट्टी लावते आणि बॅटरी एका वेगळ्या कापडी पिशवीत घालते. तपासणीला लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात तेव्हा तीही त्याच्याबरोबर ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे पिशवी पुन्हा उघडायला लावत नाहीत.